पंचमावर उभी पखाल

आमचे आप्पा, म्हणजे माझे धाकटे चुलते, यांचं सगळं आयुष्य मिरजेत तंबोऱ्याच्या घोडीवर वाकून गेलं. भोपळा दुसरा कुणी कापायचा, दांडी तिसरा घडवायचा आणि शेवटी जवारी काढायला, म्हणजे तारांखालची घोडी घासून तारांना बोलतं करायला, तंबोरा आप्पांपुढे यायचा. कानस, सुताचा तुकडा आणि कान, एवढीच त्यांची हत्यारं. गायक बरा की वाईट यावर ते कधी बोलत नाहीत. तंबोरा लागलेला होता की नव्हता, एवढंच सांगतात.

गेल्या हिवाळ्यात ते माझ्याकडे म्युनिकला दोन महिने राहायला आले आणि तिसऱ्या आठवड्यात पार कंटाळले. करमणूक म्हणून एका संध्याकाळी मी त्यांना मोबाईलवर इटलीतल्या झाम्पोन्याचं वादन लावून दिलं. झाम्पोन्या म्हणजे तिकडच्या मेंढपाळांची मशक, कातड्याच्या पिशवीतून वाजणारं वाद्य. आप्पांनी ते चार वेळा ऐकलं.

"ह्यातला मधला सूर कुणी धरलाय गं?"

"कुणी नाही आप्पा, पिशवीच धरते."

"पिशवी?" त्यांनी मोबाईल कानाला लावला. "सनईवाल्याच्या शेजारी एक जण नुसता सूर देत बसतो बघ, गाल फुगवून. त्याला उचलून पखालीत घातलाय म्हणायचा."

दोन वर्षं रेटत शिकलेलं माझं इटालियन कधीतरी कामाला यायलाच हवं होतं. आठ दिवसांत तिकिटं काढली.

पहिला दिवस, १८ डिसेंबर : रोम

तारीख मुद्दाम निवडली होती. १६ ते २४ डिसेंबर हे ख्रिसमसच्या आधीचे नऊ दिवस म्हणजे 'नोवेना'. २९ नोव्हेंबर ते ७ डिसेंबर अशी मेरीची आणखी एक नोवेना असते. या दिवसांत आब्रुझ्झो, मोलीझे आणि चोचारिया भागातले मेंढपाळ डोंगर उतरून रोमला आणि नेपल्सला यायचे. नेहमी जोडीनं. एकाकडे झाम्पोन्या आणि दुसऱ्याकडे चारामेल्ला, म्हणजे जवळजवळ आपली सनईच. गल्लीच्या कोपऱ्यावर भिंतीत मेरीची देवळी असते, तिच्यापुढे उभं राहून वाजवायचं, ठरलेल्या घरी नऊ दिवस हजेरी लावायची आणि मिळेल ते पैसे, धान्य घेऊन परत डोंगरात जायचं. हे सांगताना मला वासुदेव आठवला. आप्पांनाही आठवला असावा, कारण त्यांनी विचारलं, "पहाटे येत्यात का?"

रोममध्ये या लोकांना 'पिफेरारी' म्हणत. तरुणपणी संगीतकार हँडेल इटलीत होता. पुढे १७४१ मध्ये त्यानं 'मेसाया' हे येशूवरचं संगीत रचलं, त्यात मेंढपाळांच्या प्रसंगाआधी वाद्यांचा एक संथ तुकडा आहे आणि हस्तलिखितात त्याचं नाव 'पिफा' आहे. खाली धरून ठेवलेला सूर, वर झोका घेत जाणारी धून. फ्रेंच संगीतकार बेर्लिओझ १८३१ मध्ये रोमला आला तेव्हा त्यानंही हे वादक ऐकले आणि आपल्या एका सिंफनीत आब्रुझ्झोच्या डोंगरी माणसाची धून घातली. म्हणजे मोठमोठ्या सभागृहांत जे ऐकलं जातं त्याचं मूळ फुटपाथवर होतं. ते शोधायला आम्ही फुटपाथवरच हिंडलो.

दुपारी एका गर्दीच्या चौकात सापडलाही एक. मेंढीच्या कातड्याचं जाकीट, टोकदार टोपी, पोटऱ्यांपर्यंत आडव्यातिडव्या चामडी पट्ट्या बांधलेली पादत्राणं. यांना 'चोचे' म्हणतात, चोचारिया हे नाव त्यावरूनच पडलं. सूर भरघोस. लोक फोटो काढत होते, मीही काढले. आप्पा मात्र त्याच्या बोटांकडे न बघता काखेकडे बघत होते. दोन मिनिटांनी माझ्या कानाशी आले.

"पखाल हलंना झालीय."

खरंच हलत नव्हती. पाठीमागे पथारीवर चादरीखाली स्पीकर होता. मी आधीच दोन युरो टाकून बसले होते.

दुसरा दिवस, १९ डिसेंबर : कासीनोमार्गे स्कापोली

रोमहून कासीनोपर्यंत साधी पॅसेंजर, दोन तासांच्या आसपास. तिथून पुढे मोलीझेतल्या स्कापोली या गावी जायचं होतं. मध्ये तीन तास हातात होते म्हणून युद्धातल्या सैनिकांच्या दफनभूमीत गेलो. वर टेकडीवर मोंते कासीनोचा मठ दिसतो. १५ फेब्रुवारी १९४४ ला बॉम्बफेकीत जमीनदोस्त झालेला आणि मग जसाच्या तसा पुन्हा बांधलेला. या टेकडीसाठी लढलेल्यांत चौथी भारतीय डिव्हिजनही होती. ज्यांची थडगी सापडली नाहीत त्यांची नावं इथल्या उंच शिळांवर कोरली आहेत. त्यांत मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या रांगेत नाईक यशवंत घाडगे हे नाव आहे. व्हिक्टोरिया क्रॉस, १० जुलै १९४४, वय २२. ते पडले ते इथून बरंच उत्तरेला, तैबर नदीच्या वरच्या खोऱ्यात. कोकणात जाताना माणगावला त्यांचा पुतळा आम्ही एसटीच्या खिडकीतून कितीदा पाहिलाय. आप्पांनी टोपी काढली, नाव वाचलं, पुन्हा घातली. बोलले काहीच नाहीत. फुलं आणली नव्हती याची मला फार चुटपुट लागली.

स्कापोलीला जायला ज्यांच्याकडे उतरायचं होतं त्या बाईंनीच गाडी पाठवली. वोल्तुर्नो नदीचं वरचं खोरं, मागे माइनार्दे डोंगररांग, माथ्यावर बर्फ. गाव जेमतेम हजाराच्या आतलं, पण इटलीत झाम्पोन्या म्हटलं की हेच नाव निघतं. जुलैच्या शेवटच्या शनिवार-रविवारी इथं झाम्पोन्याचा मेळा भरतो, १९७५ पासून. वादक, कारागीर, गिऱ्हाइकं, सगळे एका चढाच्या रस्त्यावर. डिसेंबरात मात्र रस्त्यावर एक कुत्रा आणि आम्ही दोघं.

रात्री जेवताना बाईंनी वाटेवरच्या एका फलकाबद्दल सांगितलं. या भागातून 'त्रात्तुरो' जातात, म्हणजे मेंढरांचे राजरस्ते. नेपल्सच्या मापानं ६० पावलं, आजच्या हिशेबानं १११ मीटर रुंद, सगळं गवताचं. थंडी पडली की कळप डोंगर सोडून आपुलियाच्या सपाटीला उतरायचे आणि उन्हाळ्याच्या तोंडाला वर यायचे. दसऱ्यानंतर आपले धनगर घाट उतरून कोकणात जातात तसंच. आप्पांना हे समजावून सांगावं लागलं नाही. त्यांची शंका वेगळीच होती. "एवढा रुंद रस्ता कुणी मोकळा ठेवला?" राजानं ठेवला, कारण मेंढरांवर कर होता. "मग बरोबर," म्हणाले.

जेवणात इथली मोठाली रॅव्हिओली होती. पालेभाजी, बटाटा, चीज आणि डुकराचं मांस. आप्पा माळकरी. त्यांच्यापुढे वाल, पाव आणि मेंढीच्या दुधाचं चीज आलं. वालाची उसळ आहे असं समजून ते खुशीत जेवले.

तिसरा दिवस, २० डिसेंबर : कारागिराच्या कारखान्यात

कारखाना म्हणजे घराखालची एक लांबट खोली. आत शिरल्या शिरल्या लाकडाच्या भुश्शाचा आणि मेणाचा वास. आप्पा दारातच थबकून दोनदा श्वास ओढून उभे राहिले. कारागीर साठीचे, बोलणं कमी. त्यांचं नाव इथं लिहीत नाही, त्यांनाही ते फारसं आवडलं नसतं. मी आप्पांची ओळख करून दिली, "हे भारतात तंतुवाद्यं करतात." ते आप्पांच्या हातांकडे बघून म्हणाले, "हो, दिसतंय."

लाकूड ऑलिव्हचं किंवा चेरीचं. ओंडके चिरून वर्षानुवर्षं सुकत ठेवलेले, प्रत्येकावर खडूनं साल लिहिलेलं. लेथवर कातून नळी करायची आणि मग आतून भोक पाडायचं. हे भोक सरळ नसतं, खाली रुंदावत जातं, म्हणून निमुळत्या धारेची लांब हत्यारं लागतात. ती त्यांनी स्वतः घडवलेली. स्कॉटिश बॅगपाइपात सूर धरणाऱ्या नळ्या खांद्यावर उभ्या असतात आणि धून वाजवायला एकच नळी खाली लोंबते. झाम्पोन्यात सगळ्या नळ्या एकाच गोल लाकडी ठोकळ्यात बसतात आणि समोर खाली झुकतात. त्यांतल्या दोन बोटांनी वाजवायच्या, उजव्या हाताला एक, डाव्याला एक. उजवी धून म्हणते, लांब असलेली डावी खालून साथ करते. उरलेल्या नळ्यांवर बोटं नाहीत, त्या नुसता सूर धरून राहणाऱ्या. इथल्या मोठ्या प्रकारात डावी नळी इतकी लांब की करंगळी शेवटच्या भोकापर्यंत पोचत नाही. म्हणून तिथं धातूची चावी बसवतात आणि चावीवर लाकडी नक्षीदार पिंप चढवतात. मापाला आकडे आहेत, २५, २८ असे. २५ चा झाम्पोन्या जी स्वरात बोलतो.

कातडं पाहायला आप्पा अधीर झाले होते. शेळीचं किंवा मेंढीचं आख्खं कातडं, पोट न फाडता सोललेलं. केस कातरून, मीठ लावून, उलटं करून घेतात, म्हणजे केसांची बाजू आत जाते आणि श्वासातला ओलावा ते पितात. मागची बाजू घट्ट बांधायची, एक पुढचा पाय बांधायचा, दुसऱ्या पुढच्या पायात फुंकायची नळी, मानेच्या जागी नळ्यांचा ठोकळा. फुंकनळीच्या आतल्या तोंडाला चामड्याची झडप असते, हवा आत जाते पण परत येत नाही.

"पाण्याच्या पखालीला हेच," आप्पा म्हणाले. "आमच्या लहानपणी गल्लीत यायची. फक्त तिला तोंड एकच."

कारागिरांनी मग दुसरी एक पिशवी काढली, वरून पांढरीशुभ्र लोकर. आत हात घालून दाखवलं तर रबर. ट्रकच्या ट्यूबपासून आजच्या श्वास घेणाऱ्या कापडापर्यंत सगळं वापरून झालंय, म्हणाले, लोकर फक्त बघणाऱ्यांसाठी. कातडं वाळतं, चिरतं, त्याला सांभाळावं लागतं. शहरातल्या पोरांना तेवढा वेळ नाही. हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. माझ्या मनात मात्र आली. आप्पांनी लगेच मोडून काढली. "आम्ही तरी काय करतो? फायबरचा तंबोरा विकतोच की."

पण खरी मजा पुढं होती. प्रत्येक नळीच्या मुळाशी, ठोकळ्याच्या आत लपलेली, नदीकाठच्या बोरूची दुहेरी पत्ती असते. सनईची पत्ती असते तशीच, फक्त ओठांत न धरता पखालीच्या अंधारात बसवलेली. वादकाचा ओठ तिच्यापर्यंत जातच नाही. म्हणजे वाजवताना सुरात काही सुधारणा करायची सोय नाही. जे काय ते आधी. कारागिरांनी नळ्या बसवल्या, पखाल भरली, कोपर दाबलं. खोलीभर आवाज झाला, पण आत कुठंतरी लाट मारत होती. दोन सूर एकमेकांना चाटून जातात तेव्हा होते तशी. त्यांनी थांबून नळ्या उपसल्या, एका पत्तीचा दोरा किंचित वर सरकवला, परत बसवल्या. लाट मंद झाली. मग खिशातून मधमाशीच्या मेणाची काळपट गोळी काढली, अंगठ्यानं मऊ केली आणि उजव्या नळीच्या तिसऱ्या भोकाच्या वरच्या कडेला तांदळाएवढं मेण लावलं. नखानं दाबलं. फुंकलं. थोडं खरवडलं. पुन्हा फुंकलं.

आप्पा इतका वेळ हात मागे बांधून उभे होते. अकराव्या की बाराव्या खेपेला त्यांनी हात पुढं करून थांबवलं. "बास." मी भाषांतर करायच्या आत कारागीरही थांबले होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. लाट गेली होती.

मग आप्पांनी सदऱ्याच्या खिशातून सुताची गुंडी काढली. परदेशातसुद्धा ती बरोबर असते हे मला ठाऊक नव्हतं. स्टुलावर बोटानं घोडी काढून दाखवली, तारेखाली सूत कुठं सरकवतो, किती, ते खुणेनं सांगितलं. केसाएवढं इकडं गेलं तर आवाज बसका, तिकडं गेलं तर ठणठणीत, आणि मध्ये एक जागा जिथं तार बोलायला लागते. मी भाषांतर करायचं सोडून दिलं. मेणाची गोळी आणि सुताची गुंडी शेजारी शेजारी स्टुलावर होत्या आणि दोन म्हातारे माना डोलवत होते.

चहाच्या वेळी (कॉफी आली, आप्पा तिला चहाच म्हणतात) त्यांनी विचारलं, सूर धरणारी नळी कुठला सूर धरते? कारागीर म्हणाले, पाचवा. म्हणजे २५ च्या मापात जी हा मूळ सूर असेल तर धरून ठेवलेला डी.

आप्पांनी कप खाली ठेवला. "पंचम? नुसता पंचम? आणि षड्ज कुठाय?"

षड्ज, म्हणजे मूळ सूर, हातात होता. पखाल सतत पंचम धरते आणि मूळ सुरावर यायचं तर नळीवर बोटांनी यावं लागतं. धून षड्जावर विसावली की वर पंचम वाजतच असतो. म्हणून त्या वादनात घरी आल्यासारखंही वाटतं आणि दार उघडंच राहिल्यासारखंही. मला हे आधी कळलं नव्हतं, नुसतं काळजाला लागायचं. तंबोऱ्यात पहिली तार पंचमाची असली तरी मागोमाग जोड आणि खर्ज या षड्जाच्या तारा येऊन तिला सांभाळून घेतात. इथं तिला सांभाळायला कुणी नाही.

"हा तर पंचमावर उभा हाय," आप्पा स्वतःशीच म्हणाले. संध्याकाळपर्यंत त्यांनी हे तीनदा म्हटलं.

चौथा दिवस, २१ डिसेंबर : पाऊस

दिवसभर पाऊस. सकाळी गावातलं झाम्पोन्याचं संग्रहालय पाहिलं. दक्षिणेतल्या कालाब्रियाकडची सुर्दुलीना ही चिमुकली मशक लक्षात राहिली. तिकडच्या अल्बेनियन वंशाच्या गावांमध्ये ती वाजते. हातभर नाही, पण आवाज मधमाश्यांच्या पोळ्यासारखा. पाऊस थांबेना म्हणून आठव्या शतकातला सान विंचेन्झोचा मठ राहिला. तिथल्या तळघरात नवव्या शतकातली भित्तिचित्रं आहेत म्हणे, ती पुढच्या वेळी.

दुपारी कारागिरांच्या पुतण्यानं मला अर्धा तास शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, पखाल काखेत दिली आणि हसला. फुंकताना कोपर सैल सोडायचं, श्वास घेताना कोपर आवळायचं, पिशवीतला दाब मात्र तसूभर हलता कामा नये. म्हणजे छाती एक करणार, काख त्याच्या उलट, आणि बोटांना याचा पत्ता लागू द्यायचा नाही. माझं कोपर फुंकण्याबरोबरच आवळायचं, त्यामुळे प्रत्येक फुंकरीला सूर किंचाळून वर जायचा आणि मग रेड्यासारखा खाली यायचा. पाच मिनिटांत डोळ्यांपुढे काजवे चमकले. बाहेरून कुत्रा भुंकला. सुरुवात आणि शेवट फार अवघड आहे हेही तेव्हाच कळलं. पखाल एका झटक्यात भरून कोपराचा ठोसा दिला तरच सगळ्या पत्त्या एकदम बोलतात, नाहीतर एकेक रडत रडत जागी होते.

आप्पांनी हात लावायला नकार दिला. "मी वाजवणारा न्हवं," एवढंच.

पाचवा दिवस, २२ डिसेंबर : नेपल्स

व्हेनाफ्रोपर्यंत गाडीनं, पुढे रेल्वेनं, काझेर्ताला गाडी बदलून दुपारी नेपल्स. सामान टाकून थेट सान ग्रेगोरिओ आर्मेनो गल्लीत. येशूजन्माचे देखावे करणाऱ्यांची ही गल्ली. गणपतीच्या आधी पेणला जावं तसं वाटतं. मातीच्या मूर्ती, बुचाच्या सालीचे डोंगर, मोटार लावलेले धबधबे, फुटबॉलपटू, पुढारी. आणि जवळजवळ प्रत्येक देखाव्यात दोन मूर्ती ठरलेल्या, झाम्पोन्या घेतलेला म्हातारा आणि चारामेल्ला घेतलेला पोरगा. आप्पांनी ही जोडी घेतली. भाव करताना त्यांनी मराठी आणि दुकानदारानं नेपोलितान सोडली नाही, तरी तीन युरो कमी झाले.

अंधार पडल्यावर मागच्या एका बोळात आवाज आला. या वेळी मी आधी काखेकडे पाहिलं. हलत होती. देवळीपुढे लाल दिवा आणि तिच्यासमोर दोघं, एक सत्तरीचा, एक विशीतला. डोक्याला टोप्या साध्या लोकरीच्या, अंगात जाड कोट, पायात बूट. 'तू शेंदी दाल्ले स्तेल्ले' चालू होतं. हे ख्रिसमसचं गाणं अल्फोन्सो दे लिग्वोरी या धर्मगुरूचं, १७५४ चं. इथल्या मेंढपाळी चालीच्याच ठेक्यावर बांधलेलं, सहा मात्रांचा झोका. वरच्या मजल्यावरची एक बाई ॲप्रन घालून खिडकीत आली होती, तिचे ओठ हलत होते. कडवं संपलं की पोरगा चारामेल्ला तोंडातून काढून दम घ्यायचा. म्हातारा थांबत नव्हता. धून नाही, ठेका नाही, नुसता पंचम बोळभर. मग पोरगा पुन्हा ओठ लावायचा.

मी आप्पांकडे पाहिलं. पोरगा वाजवत असताना ते इकडंतिकडं बघत होते. तो थांबला की डोळे मिटत होते.

संपल्यावर खिडकीतून दोरीला बांधलेली टोपली खाली आली, तीत नोट आणि कागदात बांधलेलं काहीतरी गोड. आप्पा पुढे झाले, म्हाताऱ्याला नमस्कार केला आणि काखेतल्या पखालीकडे बोट दाखवून 'हात लावू का' असं खुणेनं विचारलं. त्यानं काख थोडी उघडली. आप्पांनी तळवा टेकवला.

"गरम हाय गं."

मी म्हाताऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, व्हायलाच हवी. थंडीत बाहेर पडण्याआधी घरात बसून दहा मिनिटं नुसतं फुंकायचं, पखाल ऊबदार झाली की मगच पत्त्या सुरात येतात.

"तंबोऱ्याचंबी तसंच," आप्पा मराठीत त्यालाच म्हणाले. "आधी तासभर गवसणीतनं काढून ठेवायचा." त्यांचा हात अजून तिथंच होता. पोरगा पुढच्या देवळीकडे निघाला होता, म्हातारा मात्र आप्पांचा हात निघेपर्यंत जागचा हलला नाही.